कसंतरी होतंय

मार्च 2013. लेहच्या ट्रान्झिट कॅम्पात मी सलग तिसऱ्या दिवशी सामान बांधून बसलो होतो. चंडीगढहून येणारं हवाई दलाचं कुरिअर हवामानामुळे उतरत नव्हतं. लडाखात नोकरी केलेल्यांना ही वाट बघणं काय असतं ते सांगायला नको. पहाटे उठायचं, ढग बघायचे, यादीत नाव आहे का बघायचं, आणि दहाच्या सुमारास 'आज नाही' ऐकून परत बराकीत. फरक एवढाच की या वेळी माझ्याकडे तारीख होती. अंबाल्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात बायकोच्या सिझेरियनचा दिवस ठरला होता, आणि तो दोन दिवसांवर आला होता.

बाळ पायाळू होतं. सोनोग्राफीत डोकं वर आणि पाय खाली. शेवटच्या महिन्यातही ते फिरलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी तारीख देऊन टाकली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. युनिट वर असल्यामुळे ही अंबाल्यात सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहत होती. मग माझी आईच पुण्याहून झेलमने तिकडे गेली. डिंकाचे लाडू, हळीव आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी घेऊन. तिला पायाळूचं काही विशेष वाटलं नाही. पायाळू माणसाने लाथ मारली की कमरेत भरलेली उसण जाते, तेव्हा घरात हक्काचं औषध येतंय, असं ती फोनवर म्हणाली.

त्या नऊ महिन्यांत आमचं बोलणं फोनवरच. पोस्टवरून लाइन लागली तर दोन-चार मिनिटं.

"कशी आहेस?"

"ठीक. तू?"

"मी पण ठीक."

सहाव्या महिन्यात ती जिन्यात घसरली होती आणि शेजारच्या सुभेदारसाहेबांच्या बायकोने तिला रात्री हॉस्पिटलात नेलं होतं, हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. आणि जानेवारीत माझ्या पोस्टवर काय झालं ते मीही तिला सांगितलं नव्हतं. ते पुढे येईलच.

चौथ्या दिवशी विमान आलं. चंडीगढला उतरून टॅक्सीने अंबाला गाठलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी बायकोला ब्रीफिंग दिलं. फौजी माणसाला दुसरं येतं तरी काय? "उद्या शांत राहायचं. तिथे सगळे आपलेच लोक आहेत. उगाच घाबरून डॉक्टरांना त्रास द्यायचा नाही. फौजीची बायको आहेस."

ती हसली आणि म्हणाली, "येस सर."

मला वाटलं, चेष्टा करतेय. तिने तो हुकूम म्हणून घेतला होता.

सकाळी मी ओटीच्या बाहेर बाकड्यावर होतो. आई शेजारी बसून पुटपुटत जप करत होती. आत काय झालं ते मला नंतर हिच्याकडून आणि भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमकडून कळलं. त्या दोघींनी सांगितलं तसंच लिहितो.

मॅडम मेजर होत्या. मूळच्या केरळच्या, पण शिकल्या पुण्यात, एएफएमसीत. त्यांनी हिला टेबलावर बसवलं, उशी कवटाळायला दिली आणि पाठ मांजरासारखी बाक काढून ठेवायला सांगितलं. आधी कातडी बधिर करायची बारीक सुई, मग कण्यातली. औषध जेमतेम दोन मिलिलीटर. ते गेल्यावर मिनिटाभरात पाय कोमट पाण्यात सोडल्यासारखे वाटले, मग जड झाले, मग आपले राहिलेच नाहीत. लगेच उताणं झोपवून उजव्या कुल्ल्याखाली एक छोटी उशी सरकवली, म्हणजे अंग थोडं डावीकडे कललं. दंडावरचा बीपीचा पट्टा दर मिनिटाला आवळत होता. थंड स्पिरिटचा बोळा खांद्यावर, मग छातीवर, मग पोटावर लावून विचारलं, गार कुठे लागतंय? पोटावर गार लागत नव्हतं. भूल चढली होती. पडदा वर गेला.

आणि मग तिला एकाएकी जांभई आली. ती सांगते, तोंडाला पाणी सुटलं, मळमळायला लागलं. पाठोपाठ कानांत दूरवर कुकरची शिट्टी वाजावी तसा आवाज. दिव्याचा पांढरा प्रकाश करडा होत गेला. माणसं बोलत होती, पण भिंतीपलीकडून बोलल्यासारखी. तिला वाटलं, आपण आता जाणार. आणि तेव्हाही तिच्या मनात काय आलं असेल? 'डॉक्टरांना त्रास द्यायचा नाही.'

सिस्टरने विचारलं, "ठीक हो?"

"ठीक हूँ."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "ठीक हूँ."

मॅडम डोक्याशी उभ्या होत्या. त्यांनी वाकून तिचा चेहरा बघितला. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम. त्यांनी ठीक आहे का असं विचारलंच नाही. एएफएमसीच्या दिवसांत शिकलेल्या मराठीत विचारलं, "काय होतंय?"

आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "कसंतरी होतंय. सगळं लांब चाललंय."

तोवर पट्ट्याचा आकडा आला. 74 वर 40. मॅडमच्या हातात सिरिंज आधीच होती. मेफेंटरमिनचं इंजेक्शन शिरेतून गेलं, सलाइन पूर्ण सोडलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला. मिनिटाभरात लांब गेलेलं सगळं परत जवळ आलं. आवाज आधी, मग उजेड, मग स्वतःचा श्वास. काही मिनिटांनी आमची मुलगी रडली. ते रडणं मी दाराबाहेरून ऐकलं, आणि आईने जप मध्येच थांबवून माझ्या पाठीत धपाटा घातला.

तासाभराने मॅडम बाहेर आल्या. अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, "सर, तुमची मिसेस फार ब्रेव्ह आहे. पुढच्या वेळी तिला जरा कमी ब्रेव्ह राहायला सांगा."

मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी विचारलं म्हणून कारणही समजावलं. आपल्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसत्या नळ्या नाहीत. त्यांना मज्जातंतूंकडून सतत एक हुकूम चालू असतो: आवळून राहा. त्या हुकमामुळेच आपण उभे राहिलो तरी सगळं रक्त पायांत उतरत नाही. कण्यातल्या भुलीने वेदनेच्या तारा बंद होतात, तशाच या हुकमाच्याही होतात. खालच्या अंगाच्या वाहिन्या सैल पडतात, रक्त तिथेच साठतं, हृदयाकडे कमी परततं आणि बीपी घसरतं. शिवाय पूर्ण दिवस भरलेली बाई उताणी झोपली की गर्भाशयाचं ओझं रक्त वर नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतं. कुल्ल्याखालची उशी त्यासाठी. मेंदूला रक्त कमी पडू लागलं की आधी मळमळ, जांभया, घेरी. सिझेरियनमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की उतारा सिरिंजमध्ये भरून हाताशीच ठेवतात.

"मशीनला तर कळलंच असतं ना?" मी विचारलं.

"मिनिटाने कळलं असतं," त्या म्हणाल्या. "पेशंटला आधी कळतं. आणि आईचं बीपी खाली गेलं की वारेकडे जाणारं रक्तही कमी होतं. ते मिनिट बाळाचंही असतं."

मी बाकड्यावर बसलो. मला खडकवासल्याचं ड्रिल स्क्वेअर आठवलं.

एनडीएत मे महिन्यात पासिंग आउट परेडच्या तालमी चालायच्या. सावधानमध्ये निश्चल उभं राहिलं की पोटऱ्या रक्त वर ढकलायचं काम करत नाहीत, ते पायांत साठतं. तीच गोष्ट, फक्त सुईशिवाय. उस्तादांनी शरीरशास्त्र शिकवलं नव्हतं, पण उपाय शिकवला होता: "बूट के अंदर पंजे हिलाते रहो, घुटने लॉक मत करो." आणि त्याच्याच जोडीला दुसराही धडा: "गिरना है तो सावधान में गिरो." दुसऱ्या टर्ममध्ये मी तसाच पडलो. पाचेक मिनिटं आधीपासून डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रांगेतून बाहेर यायचा विचारही मनात आला नाही. हनुवटीवर तीन टाके पडले. दोन्ही धड्यांपैकी मी दुसरा जास्त मनावर घेतला, आणि त्या तीन टाक्यांचा मला बरीच वर्षं अभिमान वाटत होता.

कण्यातल्या या भुलीचा इतिहास मी नंतर सुट्टीतच वाचला. 1898 साली जर्मनीत कील इथे ऑगस्ट बीअर या सर्जनने ती पहिल्यांदा रुग्णांवर वापरली आणि नंतर स्वतःवरच प्रयोग करून घेतला. सिरिंज सुईला नीट बसेना, औषध आत जाण्याऐवजी कण्यातलं पाणीच बाहेर आलं. मग साहाय्यकावर प्रयोग झाला, तो जमला. दोघांनी रात्री वाइन आणि सिगारने साजरं केलं. त्यानंतर बीअरचं डोकं दुखायला लागलं. उठून बसलं की दुखतं आणि गरगरतं, आडवं झालं की थांबतं. नऊ दिवस हे चाललं. त्याने ते लपवलं नाही. जसं होत होतं तसं लिहून छापलं. आजही भुलीनंतर डोकं दुखलं तर उठल्यावर वाढतं का, आडवं झाल्यावर कमी होतं का, हेच विचारतात. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांचं पोलादी शिरस्त्राण घडवण्यात याच बीअरचा हात होता. फौजी माणसाला त्याचं अप्रूप वाटायला तेवढंही पुरे. पण मला त्याचे ते नऊ दिवस जास्त मोठे वाटतात. मोठा सर्जन, आणि 'मला चक्कर येते' हे लिहायला लाजला नाही.

आता जानेवारीची गोष्ट.

आमच्या पोस्टवर सुट्टीवरून परतलेला एक जवान आला. पंचविशीचा, धावण्यात कंपनीत पहिला. लेहमध्ये सहा दिवसांचं अ‍ॅक्लमटायझेशन झालं, पुढच्या टप्प्याचे चार दिवसही झाले. नियमाने सगळं बरोबर. मी रोज सकाळी फॉल-इनला विचारायचो, "सब ठीक?" तीस गळ्यांतून एकच उत्तर यायचं, "ठीक हैं साहब!" त्यात त्याचाही आवाज असायचा. तिसऱ्या रात्री त्याच्या शेजाऱ्याने नर्सिंग असिस्टंटला उठवलं. पोरगा झोपू शकत नव्हता, बसून धापा टाकत होता, छातीत घरघर. हापो. फुफ्फुसांत पाणी. रात्रभर ऑक्सिजन आणि हापो बॅग, उजाडताच चीता हेलिकॉप्टर. तो वाचला. पण ती रात्र फार मोठी होती.

आठवड्याने त्याच्याशी फोनवर बोललो तेव्हा मी आधी तब्येत विचारली, मग झापला. "दो दिन से सिर फट रहा था तो बोला क्यों नहीं?"

तो म्हणाला, "साहब, सोचा उतर जाएगा."

फोन ठेवल्यावरही माझा राग त्याच्यावरच होता. फॉल-इनला मीच एकदा म्हणालो होतो, इथे कमजोर माणसाचं काम नाही, हे मला तेव्हा आठवलंही नाही. ते आठवलं दोन महिन्यांनी, अंबाल्यात, त्या बाकड्यावर. बायको दोनदा 'ठीक हूँ' म्हणाली होती आणि तिला तसं म्हणायला मी शिकवलं होतं. त्या जवानालाही मीच शिकवलं होतं. बोलला नाही हा त्याचा दोष मी धरला होता. पण 'सब ठीक?' हा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. समोरच्याने फक्त ते मोठ्याने परत करायचं. सैनिक संमेलनात 'किसी का कोई पॉइंट?' विचारल्यावर जी शांतता पसरते, ती वाचणाऱ्यांपैकी माजी सैनिकांना चांगली ठाऊक आहे. त्या शांततेला आपण शिस्त समजतो.

सुट्टी संपवून वर गेलो आणि सकाळचा प्रश्न बदलला. रांगेसमोर उभं राहून विचारणं बंद केलं. नव्या किंवा सुट्टीवरून आलेल्या प्रत्येकाजवळ जाऊन वेगवेगळं विचारायचं. रात्री किती वेळा जाग आली? सकाळी काय खाल्लं, किती खाल्लं? डोकं दुखत असेल तर दहापैकी किती? बरोबर नर्सिंग असिस्टंट ऑक्सिमीटर घेऊन. पहिले काही दिवस पोरं गालातल्या गालात हसत होती. साहेब बाळंतपणाला गेले आणि डॉक्टर होऊन आले, असं लंगरमध्ये चालतं हे माझ्या कानावर आलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात पंजाबचा एक पोरगा हळूच म्हणाला, "साहब, दिल कच्चा-कच्चा हो रहा है." हृदयाचं काही असेल म्हणून मी दचकलो. पंजाबीत त्याचा अर्थ मळमळतंय. मी त्याला खाली पाठवला. तिथे निघालं की पोट बिघडलंय, डब्यातलं काहीतरी बाधलंय. दोन दिवसांनी तो परत आला, खजील होऊन. रांगेत काहीजण हसले. मी त्याला सगळ्यांपुढे शाबासकी दिली आणि म्हणालो, याने रिपोर्ट वेळेवर दिला, पुढचं ठरवायचं काम आमचं. त्यानंतर त्या मोसमात आणखी तिघे आपणहून बोलले. त्यातल्या एकाला खरोखरच ऑक्सिजन लावून खाली न्यावं लागलं. दिवसाउजेडी, गाडीने, वेळेत. चीता बोलवावं लागलं नाही.

यात मी काही मोठं केलं असं नाही. डॉक्टर मॅडमनी एका प्रश्नात केलं तेच. फक्त एक गोष्ट मी तेव्हापासून लक्षात ठेवली आहे. बरं वाटत नाही हे माणूस आपल्या घरच्या भाषेतच नीट सांगू शकतो. आपल्याकडे चक्कर, घेरी, भोवळ, झीट, अंधारी असे किती शब्द आहेत, आणि त्या सगळ्यांच्या आधी येतं ते 'कसंतरी'. हिंदीत हिला ते सांगता आलं नसतं, म्हणून ती 'ठीक हूँ' म्हणाली. नव्या युनिटमध्ये गेलो की मी आधी पोरांचे हे शब्द शिकतो. गढवालच्या, बिहारच्या, तमिळनाडूच्या पोराला मळमळलं तर तो घरी आईला काय म्हणतो, ते विचारून ठेवतो.

आणि ज्यांच्या घरी आता असा दिवस येणार आहे, त्यांना एवढंच सांगेन की आदल्या रात्री माझ्यासारखं ब्रीफिंग देऊ नका. मळमळलं, गरगरलं, श्वास लागल्यासारखा वाटला, तर लगेच, मोठ्याने, आपल्या भाषेत सांग, एवढंच तिला सांगा. तिथली माणसं ते ऐकायलाच उभी असतात.

आज मी आसामात आहे, ही आणि मुलगी पुण्यात. मुलगी बाराची झाली. आईची उसण भरते तेव्हा तिच्याकडून कमरेला हलकी लाथ मारून घेणं अजून चालू आहे, आणि गुण येतो असं आई शपथेवर सांगते. घरातला नियम ठरलेला आहे: फोनवर 'ठीक' म्हणायचं नाही. काय झालं ते सांगायचं, निदान एक तरी गोष्ट.

परवा रात्री मुलीने रिपोर्ट दिला. गणितात अकरा मार्क गेले, सायकलची चेन तुटली. "आणि आईला काल ताप होता. तुला सांगू नको म्हणाली होती."

मागून बायकोचा ओरडण्याचा आवाज आला. नियम बनवणारी तीच, आणि मोडणारीही तीच.

"आणि तू कसा आहेस, बाबा?"

'ठीक' अगदी ओठांवर आलं होतं. म्हणालो, "उजवा गुडघा दुखतोय."

"आणि?"

बाहेर पाऊस लागला होता. मेसमधले दिवे मालवले होते.

"आणि आज जरा कसंतरी होतंय."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मग सुट्टी टाक ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज टाकला.